फोटोत मी हाललो ते यमुनीपायी

आत्ता सांगतो, आत्ताच. चहा थंड झाला तर होऊ द्या, सूनबाईला म्हणलं जेवायलाही बोलवू नको. मागून सांगीन म्हणलं की राहूनच जातं, आजवर असंच राहून गेलं. सकाळी नात भिंतीवरचे फोटो पुसून राह्यली व्हती. एक फोटो हातात घेऊन माझ्याकडं आली अन् म्हणली, "आबा, हे सगळे पोरं बराबर दिसून राह्यलेत, अन् हा एक कोण हाये? तोंडच न्हाई याला. भूत हाये का?" मी म्हणलो, "मीच हाये ते." ती इतकी हसली की फोटो पडता पडता वाचला. मंग नातवाच्या मशीनवर बसलो अन् लागलो टाइप करायला. दोनच बोटं चालतेत माझी, पण आज तीबी पळून राह्यलीत.

आमचं घर आष्टीला. घर म्हणजे काय, दोन खणाचं माळवद, पुढं अंगण, अंगणात बाभळीला बांधलेली म्हैस. माय पहाटंच जात्यावर बसायची अन् त्या घरघरीतच आम्हाला जाग यायची. यमुनी माझ्याहून दीड वर्षानं लहान. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलायचं काम आम्हा दोघांचं. वावरात मचाणासारखे दोन माळे बांधलेले असायचे, एक या टोकाला अन् एक त्या टोकाला. मधी डोक्यापेक्षा उंच ज्वारी. खाली उतरलं की बहीण भावाला दिसत न्हाई अन् भाऊ बहिणीला न्हाई. तिच्याजवळ घासलेटचा फुटका डबा असायचा, तो काठीनं बडवायचा. एकदा ठण्ण, मंग थोडं थांबून दोनदा, ठण्ण ठण्ण. त्याचा अर्थ, "दादा, मी हाये, भाकर सोडून राह्यले, ये." हे कुणी शिकवलं न्हाई, आपोआप ठरलं. भाकर, ठेचा, कधी अंबाडीची भाजी, कधी येसराचं, भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचं, घट्ट कालवण. आजबी कुठं पत्रा वाजला की माझ्या तोंडात ठेच्याची चव येते. खोटं वाटत असंल तर वाटू द्या.

मी जालन्याच्या शाळेत, बोर्डिंगात राहून शिकत व्हतो. शिकणं सगळं उर्दूत, घरचं बोलणं मराठी. त्या वर्षी शाळेनं काही पोरं निवडले अन् हातमाग अन् रंगकाम शिकायला इंग्रजी मुलखात पाठवायचं ठरवलं, समुद्राकाठच्या एका विणकामशाळेत. आता तुम्ही म्हणसाल त्यात काय मोठं. अहो, तव्हा आमचा मुलूख निजामाचा. तिकडं जायचं म्हणजे परदेशच की! पैसा येगळा, इकडं हाली अन् तिकडं कलदार. मधी करोडगिरीचा नाका, तिथं बोचकं सोडून दाखवावं लागायचं. सगळ्या पोरांचा मिळून एकच परवाना, तो आमच्यासंग निघालेल्या काझी मास्तरांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात. आष्टीत मी निघालो तव्हा निम्मं गाव वेशीपर्यंत आल्तं. यमुनी मात्र म्हशीपाशीच उभी. म्हणली, "दादा, समुद्राचं पाणी खरंच खारं असतं का रे? का उगं सांगतेत लोक?" मी म्हणलो, "खारंच असतं." "तू चाखलंय का?" "न्हाई." "मंग कशावरून म्हणतो? चाखून ये. अन् मलाबी आण थोडं. मी चाखल्याबिगर मानत न्हाई." असली नाठाळ पोरगी.

तिथले दिवस मजेत गेले. तिथले पोरं आम्हाला "मोगलाईतले" म्हणायचे अन् आमच्या बोलण्याची नक्कल करायचे. "काय करून राह्यला बे?" असं म्हणून खो खो हसायचे. माझा जिवलग म्हणजे युसूफ, जालन्यातल्या एका रंगाऱ्याचा पोरगा. तो त्यायला म्हणायचा, "हस लेव, हस लेव, तुमारे समुंदर में मीठा पानी एक लोटा नै मिलता." समुद्र पाह्यला अन् मी पहिलं काय केलं असंल तर ओंजळ भरून तोंडात घातली. ओकारी आली! मंग शाईची मोठी बाटली धुऊन भरून घेतली, बूच मेणानं बंद केलं, अन् धोतरात गुंडाळून ठेवली.

येताना नाक्यावर मजा झाली. नाकेदारानं बाटली उजेडात धरली. "ये क्या है? दारू?" मी युसूफकडं पाह्यलं. युसूफ म्हणला, "समुंदर है साब." "क्या?" "समुंदर. इसकी बहन के वास्ते." त्यानं बूच काढलं, वास घेतला, बोटानं चाखलं अन् थू थू करत म्हणला, "नमक का पानी! नमक पे महसूल है, मालूम?" काझी मास्तर पुढं झाले. हात जोडून एकदम अदबीनं म्हणले, "हुजूर, समुंदर पे जो महसूल लगता वो लगाव, बंदा देता." सगळा नाका हसला. बाटली वाचली.

म्हणून काझी मास्तरांबद्दल माझ्या मनात वाईट कधी आलं न्हाई. पुढं जे झालं त्यानंतरही न्हाई.

जालन्यात उतरलो तव्हा वाटलं, झालं, आता घरी. पण मास्तर म्हणले, "बच्चों, समुंदर देख के आए, और अपना जालना कब देखे? कल पूरा दिन सैर. शाम को तुमारे घरवाले आते, उनके हात में हात देता, तब मेरी जिम्मेदारी खतम." पोरं भोकरदनचे, अंबडचे, परतूरचे. शाळेतून बाजार अन् बाजारातून शाळा, एवढंच जालना आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी निघालो. उन्हाळ्याचे दिवस. आधी मस्तगड पाह्यला, जुन्या जालन्याच्या बोळांतून धान्याच्या पेढ्या पाह्यल्या, मास्तरांनी गरम जिलबी खाऊ घातली. मंग मोती तलाव. तिथं मास्तरांनी एक फोटोवाला बोलवून ठेवल्ता. तीन पायांची घोडी, वर पेटी, पेटीवर काळं फडकं. आमच्यातल्या एकानंही तव्हरोक फोटो काढलेला नव्हता. बाटली मी संग घेऊनच हिंडत व्हतो, बोर्डिंगात ठेवली तर कुणी सांडीन म्हणून. जो तो केस ओले करून बसवून राह्यला. मी बाटली बाजूच्या दगडाआड ठेवली, फोटोत शाईची बाटली नको म्हणून.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे किसन्या! तू हिथं काय करून राह्यला?"

आमच्या आष्टीचे सखाराममामा. गाडीवान माणूस, मोंढ्यात धान्याचं भाडं घेऊन आल्ते, बैलांला पाणी पाजायला तलावावर. मी पळत जाऊन पाया पडलो. ते म्हणले, "असा कसा रे तू? बहिणीच्या लगनाला न्हाई आला."

मला वाटलं चेष्टा. "कोणाच्या बहिणीच्या?"

"तुझ्या! यमुनीचं लगीन झालं की परवा. सिंहस्थ लागून राह्यला न्हाई का, मंग वरीसभर लगनंच न्हाईत. सोयरिक चालून आली, तुझ्या बापानं उरकून टाकलं. तुला कळवायचं म्हणलं तर बाप म्हणला, पोरगं शिकून राह्यलं, अर्ध्यातून कशाला बोलवायचं. येसर काय झाल्तं म्हणून सांगू! अजून हाताला वास हाये, पाह्य." अन् खरंच त्यायनी हात माझ्या नाकापुढं धरला. अन् खरंच वास व्हता. आमच्याच घरच्या येसराचा.

मी विचारलं ते काय विचारलं, तर म्हणलो, "कानपिळी कुणी केली?"

नवरदेवाचा कान नवरीच्या भावानं पिळायचा असतो. 'माझ्या बहिणीला नीट वागव' म्हणून. यमुनी लहानपणापासून मला म्हणायची, "इतका पिळ दादा, की लाल झाला पाह्यजे."

"चुलत्याच्या बाळ्यानं पिळला," मामा म्हणले. "बारकं पोर ते. हातच पुरेना, उचलून धरलं त्याला. लोक हसले लई."

मला रडू यायला लागलं. मामांच्या ध्यानात आलं मंग. ते म्हणले, "अरे रडतो कशाला येड्या. वऱ्हाड आज दुपारच्या गाडीनंच चाललंय परतूरच्या टेसनाहून. पार खानदेशात दिलीये. गाडी जालन्यावरूनच जाते की. टेसनावर जा, गाठ पडंल. मंग काही दिवाळीबिगर दिसायची न्हाई."

मी पळतच मास्तरांकडं आलो. काय काय बोललो ते मलाच समजलं न्हाई. युसूफनं सांगितलं. मास्तरांनी घड्याळ पाह्यलं. म्हणले, "फोटो हुए बिगर कोई नै हिलता. बैठ, दो मिनट का काम. फिर युसूफ को ले के जा. अकेला नै जाना. मेरी अमानत है तू." आता मला समजतं, त्यायचंबी बराबर व्हतं. पण दोन मिनिटं म्हणजे फोटोवाल्याचे दोन मिनिटं! तो फडक्यात शिरला, बाहेर आला. याची टोपी सरळ केली, त्याची मान वाकडी केली. पुन्हा शिरला. "सूरज ढग में गया," म्हणून थांबला. मी खाली मांडी घालून बसलेलो, हात गुडघ्यावर, अन् आत सगळं पेटलेलं. कानात यमुनीचं बोलणं. मास्तर म्हणले, "साँस रोको." फोटोवाल्यानं पेटीच्या तोंडावरचं झाकण काढलं.

अन् लांब, नदीच्या पलीकडं, शिट्टी वाजली. गाडी आली.

मी उठलो न्हाई. देवाशप्पथ उठलो न्हाई, बसूनच राह्यलो. पण मान फिरली. नात ज्याला भूत म्हणती ते हेच. झाकण लागायच्या आधी मान फिरली अन् तोंड पुसलं गेलं.

झाकण लागलं तसा सुटलो. युसूफ माझ्यामागं. तांग्याला पैसे न्हाईत अन् तांगाबी न्हाई. बोळातून, उतारावरून, कुंडलिकेच्या पात्रात. नदीला पाणी न्हाई, नुसती तापलेली वाळू. चप्पल एक वाळूत राह्यली, दुसरी मीच फेकली. युसूफ ओरडून राह्यला, "गाडी इंजन में पानी लेती, देर लगती, मत घबरा!" मी घाबरून राह्यलो न्हाई, मी रडून राह्यलो व्हतो. पलीकडच्या काठाला चढलो तव्हा ध्यानात आलं, बाटली दगडाआडच राह्यली. माघारी जावं का? पाय दोन पावलं माघारी गेलेबी. युसूफनं दंडाला धरून ओढलं. "पानी बाद में! बहन पहले!"

टेसनात घुसलो अन् पाहतो तर काय, सगळी गाडी वऱ्हाडांनी भरलेली! सिंहस्थाआधीचे शेवटचे मुहूर्त ते. सगळ्या मुलखानं पोरी उजवून घेतल्या व्हत्या. ज्या डब्यात पाहावं तिथं हळदीचे हात, हिरवा चुडा, पदर हनुवटीपर्यंत ओढलेली पोरगी. तोंडं कुणाचीच दिसंनात. बहुतेक डब्यांच्या झडपा उन्हासाठी पाडलेल्या. मी डब्या-डब्याशी जाऊन ओरडू लागलो, "यमे! ए यमे! यमुना हाये का इथं?" युसूफ दुसऱ्या टोकाहून, "यमुनाबाईऽऽ!" लोक आमच्याकडं पाहून राह्यले, कुणी हसून राह्यलं. एक बाई म्हणली, "पोराला ऊन लागलं वाटतं."

मधल्या एका डब्यापाशी लाल फेट्याचे एक म्हातारबा तांब्या घेऊन चढायच्या बेतात व्हते. तोंडावर माया. मी त्यायच्यापुढं हात जोडले. "बाबा, तुमच्याजवळ नवरी हाये का? यमुना?"

ते म्हणले, "हाये लेकरा, सून हाये आमची. पण यमुना न्हाई. रुक्मिण हाये तिचं नाव." अन् तांब्या पुढं केला. "दम लागलाय तुला. पाणी पी."

मी पाणी प्यालो. दोन घोट. 'उपकार झाले' म्हणलो अन् पुढच्या डब्याकडं पळालो.

आता काय सांगू. इतकी वर्सं झाली, रात्री कूस बदलली की मी त्याच म्हाताऱ्यासमोर उभा असतो. 'आष्टीची हाये का?' एवढं एकच विचारायचं. एवढंच. न्हाई सुचलं. आमच्या घरात पोरीचं नाव बदलायची रीत व्हती, मला माहीत व्हती, आमच्या मायचं माहेरचं नाव येगळंच व्हतं. पण ते सासरी गेल्यावर, ताटात तांदूळ पसरून. मला काय माहीत, या लोकांत मांडवातच नाव ठेवतेत अन् त्या घडीपासून जुनं नाव कुणी मानत न्हाई? माझ्यासाठी ती यमुनी व्हती. यमुनीच राहणार व्हती, निदान मी भेटेपर्यंत.

शेवटचा डबा झाला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शिट्टी झाली, गार्डानं झेंडी हलवली, गाडीनं धक्का खाल्ला. मी फलाटाच्या मधोमध उभा.  डबे एकेक पुढून सरकून राह्यले.

अन् आवाज आला. पत्र्याचा. ठण्ण.

मंग थोडं थांबून, ठण्ण ठण्ण.

रुखवताची पत्र्याची पेटी असंल, त्यावर बांगड्यांचा हात का तांब्या, काय आपटलं देव जाणे. म्हाताऱ्याचाच डबा! झडप पडलेलीच. मी पळालो. डब्याच्या बरोबरीनं पळालो. आतून पुन्हा, ठण्ण, ठण्ण ठण्ण. मी हाये, ये. मी हाये, ये. काय बोलायचं? आत तिची सासू, नणंद, सगळे. तोंडाला येईल ते बोललो. बोललो काय, किंचाळलो, "खारं हायेऽऽ! यमे, खारंच हाये गं! मी चाखलं! खारं हायेऽऽ!"

गाडीनं जोर धरला. फलाट सरला. मी खडीवर गुडघ्यावर पडलो. आवाज बंद झाला का चाकांत बुडला, कळलं न्हाई. युसूफ आला, माझ्याजवळ खडीतच बसला.  फक्त सदऱ्याच्या टोकानं माझा गुडघा पुसत राह्यला. संध्याकाळी बाप घ्यायला आला, नवं धोतर नेसलेला, खुशीत. मास्तरांनी माझा हात त्याच्या हातात दिला. बाप म्हणला, "पोरगं वाळलं जी मास्तर. इंग्रजी मुलखात खायला देत न्हाईत का?" मी त्याच्याशी घरी जाईपर्यंत एक शब्द बोललो न्हाई. बाटली मात्र युसूफनं दुसऱ्या दिवशी तलावावरून आणून बोर्डिंगात ठेवली.

यमुनी दिवाळीला आली. वाळलेली, काळवंडलेली, लुगडं अंगापेक्षा मोठं. अंगणात भांडी घासत बसल्ती, माझ्याकडं पाठ. मी दारातून हाक मारली, "यमे." तिनं पाह्यलं न्हाई. पुन्हा मारली. पुन्हा न्हाई. वाटलं रुसली. मायनं घरातून हाक मारली, "यमुने, पाणी आण." तरी ती घासतच राह्यली. मंग पाठराखीण म्हणून संग गेलेली धोंडाआत्या म्हणली, "अशी न्हाई उठायची ती आता. रुक्मिणे!" अन् यमुनी गपकन उठून उभी राह्यली, पदर सावरत. माय चुलीपुढंच खाली बसली.  सहा महिन्यांत माणसाचं नाव असं अंगातून निघून जातं?

मला काय वाटलं कोण जाणे. गोठ्यात गेलो, फुटका डबा काढला, काठी घेतली. ठण्ण. ठण्ण ठण्ण.

तिनं मान वर केली. माझ्याकडं पाह्यलं. हातातली राख पदराला पुसत जवळ आली अन् एकदम हळू, कुणी ऐकू नये असं म्हणली, "दादा, तू मामंजींला विचारलं तव्हा मी झडपेला चिटकूनच बसल्ते. तुझा दम ऐकू येत व्हता. सासूबाई समोर, मामंजींनी नाव सांगून टाकलेलं, मी कशी म्हणू मीच यमुना? धोंडाआत्या झोपलेली. तू पाणी प्यालास तेबी ऐकलं." मंग थोडं थांबून म्हणली, "आण की ते समुद्राचं पाणी. खारंय म्हणला व्हता ना?"

बोर्डिंगातून येताना संग आणलेली बाटली मी काढली. तिनं तळहातावर ओतलं, चाखलं. तोंड वाकडं केलं न्हाई. म्हणली, "हो रे. खारंच हाये."

ती कव्हाच गेली. काझी मास्तर गेले, युसूफ गेला. फोटो तेवढा भिंतीवर हाये, अन् त्यात मी एकटाच सोडून सगळे बराबर दिसतेत. म्हणून तुम्हाला विचारतो, खरं सांगा, लाजू नका. तुमच्या घरची पोरगी झडपेच्या पलीकडं बसलेली, अन् तुम्ही अलीकडं तिच्याच घरचं पाणी पिऊन पुढं गेलात, असं तुमच्यासंग कधी झालंय का?